माझीच आग असंल

अण्णा,

काल तुझा बारावा झाला. पाहुणे गेले, मांडव सुटला, तुझा पोरगा आज सकाळच्या गाडीनं बेळगावला गेला. आणलेली मोठी पातेली परत करायची राहिलीत, ती घासून पडवीत पालथी घातलीत. मी दमलेय रे. रडून नाही दमले, लोकांचं ऐकून दमले. जो येतो तो आधी एकच म्हणतो, सरळ माणूस होता हो अक्का. मग जरा आवाज खाली करून दुसरं. कोर्टानं सोडला, तरी ह्यानं आपलं कबूल करायचं सोडलं नाही, असा माणूस आता बघायला मिळायचा नाही.

ऐकून ऐकून वाटलं, ओरडून सांगावं की बाबांनो, त्याच एका गोष्टीवरून आम्ही भाऊबहीण नऊ वर्षं भांडलोय आणि भांडण अजून मिटलेलं नाही. पण घरात माणूस गेलेल्या बाईनं ओरडायचं नसतं, तिनं मान हलवायची असते. म्हणून मान हलवली. आता लिहितेय. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली ती सगळी कानडीत, किती पोरं आली, कुणाचं वजन घटलं, असली. मराठीत सलग चार ओळी लिहून जमाना झाला. काही चुकलं तर चालवून घे.

घेशील म्हणा. दुसऱ्याची चूक चालवून घ्यायची आणि आपली नसलेली उकरून काढायची, हा तर तुझा जन्माचा धंदा. शेजारच्या दत्तूचं रेडकू व्हाळाच्या पाण्यात पडून मेलं, तेव्हा चार माणसांत तूच बोललास की आमचं कुंपण मोडकं होतं, तिकडनंच गेलं असंल. दत्तूला कुंपणाची आठवणसुद्धा नव्हती. मी आमटीत मीठ टाकायला विसरले तर म्हणायचास, माझ्याच जिभेला चव कळंना झालीया. लोकांना तुझं हे फार आवडायचं. बांधाचा तंटा असो नाहीतर कुणाची म्हैस कुणाच्या भातात शिरलेली असो, तुला बोलावणं यायचं. अण्णा बोलला म्हणजे झालं. कागद नको, साक्षीदार नको.

मला मात्र राग यायचा. तोंडावर सांगितलंय मी तुला, चूक कबूल करायचाही एक तोरा असतो आणि तो तुझ्यात चिक्कार आहे. त्यावर तू हसून म्हणायचास, "व्हय गे, तेबी माझंच चुकलं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वैनी गेल्यावर तू एकटा पडलास, आमचे हे गेल्यावर मी एकटी पडले, म्हणून मी माहेरी आले. दोघांचं बरं चाललं होतं. तू शेत बघायचास, मी अंगणवाडी आणि चूल. त्यात ते आगीचं वर्ष आलं.

त्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीनं तळ दाखवला होता. तू नेहमीसारखी तरव्याची जागा, म्हणजे भाताची रोपं टाकायचा तुकडा, भाजायला घेतलास. पालापाचोळा, शेणी, डहाळ्या पसरून पेटवलंस. दुपारपर्यंत सगळ्याची राख झाली. तुला बियाणं आणायला रामनगरला जायचं होतं. बस चुकंल म्हणून घाईत निघालास आणि जाता जाता मला सांगून गेलास, संध्याकाळी राखेवर दोन घागरी पाणी मार. दिवेलागणीला परत आलास, चूळ भरता भरता विचारलंस, पाणी मारलंस? मी चुलीपाशी होते. मान न वळवता व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर पेटला.

आपल्या तरव्यापलीकडे व्हाळ. व्हाळापलीकडे गाडीवाट. गाडीवाटेला लागून फॉरेस्टची सागवानाची लागवड, आणि ती चढत चढत जिथं संपते तिथं वर गोव्याचा रस्ता. लागवड पेटली तेव्हा वारा कुठल्या कुठं फिरत होता. सगळा गाव हिरव्या डहाळ्या घेऊन धावला, आग झोडपत सुटला. खालच्या वाडीचा सोमा, फॉरेस्टकडे वॉचर म्हणून रोजंदारीवर होता, तो सगळ्यांच्या पुढं होता. जळती फांदी त्याच्या उजव्या हातावर पडली. हात वाचला, पण बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यानंतर सोमानं कोयता डाव्या हातानं धरायला शिकून घेतलं.

आणि तिसऱ्या दिवशी तू आपल्या पायानं फॉरेस्टच्या ऑफिसात गेलास. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला तुझा संशयसुद्धा नव्हता. मी अंगणवाडीतून आले तर तू पडवीत बसून पायातला काटा काढत होतास. म्हणालास, सांगून आलो. काय सांगून आलास? तर आग माझी म्हणून. त्यांनी चहा दिला, बसायला खुर्ची दिली, तू मराठीत बोललास, त्यांनी कानडीत लिहून घेतलं, तू खाली मराठीत सही केलीस. तुला कानडी येतं ते बाजारापुरतं, अक्षर तर वाचता येत नाही, तरी वाचून दाखवा म्हणायचं तुला सुचलं नाही. वर मलाच सांगतोस, "पानी मारायचं माझं राह्यलं, असंबी लिवून दिलं."

माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली. अरे, मी पाणी मारलं म्हणून सांगितलं होतं ना तुला? मग हे काय लिहून दिलंस? तू काट्याकडेच बघत होतास. "असू दे. तरवा माझा, आग मी लावली."  दोन दिवस मी नुसतं ताट वाढायची आणि आत जायची.

मग केस झाली. समन्स आलं. वकील मिळाला तो खानापूरकडचा, पोरगेलासा, पण डोक्यानं तल्लख. त्यानं फॉरेस्टनं घेतलेल्या जबाबाची नक्कल काढली आणि मी ती वाचली. वर ठळक लिहिलेलं, तप्पोप्पिगे. म्हणजे चूक मान्य केल्याचा कागद. खाली सुंदर अक्षरात, नन्नदे बेंकि. माझीच आग.

मी तुला समोर बसवलं. म्हटलं, तू तिथं मराठीत काय बोललास ते शब्दाला शब्द सांग. तू जरा आठवून म्हणालास, "माझीच आग असंल, सायेब."

असंल म्हणालास की हाय म्हणालास?

"असंलच म्हनालो. मी बघितलं कुटं?"

असंल आणि हाय यांत केवढं अंतर आहे, अण्णा. तू रोज दहादा असंल म्हणायचास. पाऊस येत असंल, दत्तू घरी असंल, माझंच चुकलं असंल. ऑफिसातल्या त्या लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला जेवायला जायचं असेल, हात दुखत असेल. पण मराठीतून कानडीत जाताना तुझं असंल मधल्या मधे गळून पडलं. मी वकिलाला हे सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, अक्का, हे मला आधी का नाही सांगितलंत.

त्यानंच मला नीट समजावलं. पोलिसांपुढची कबुली असती तर कोर्टानं बाजूलाच ठेवली असती. फॉरेस्टवाले पोलीस नव्हेत, म्हणून हा कागद वाचला जाणार. पण वाचला म्हणजे मानला असं नाही. "कबुली एकटी पुरत नाही, अक्का," तो म्हणाला. "माणूस मारानं कबूल करतो, भीतीनं करतो, कुणाला वाचवायला करतो, कधी नुसता दमून करतो. अण्णांसारखा एखादा मन खातंय म्हणून करतो. म्हणून कोर्ट विचारतं, हा बोलला ते ठीक, ह्याच्या बोलण्याबाहेर काय आहे ते दाखवा." कुणी बघितलंय का, जागेवर खुणा आहेत का, आग इकडून तिकडे गेली हे कशावरून, असं सगळं. मला ते फार पटलं. पटायला कारणही होतं.

तुला अजिबात पटलं नाही. तारखेला आपण पहाटेची बस धरून रामनगरला जायचो, तिथून कोर्टासाठी जोयड्याची गाडी. डबा तू मांडीवर धरायचास, कारण माझ्या हातून रस्सा सांडायचा. आणि अख्ख्या वाटेवर भांडण. कंडक्टर तिकीट फाडायचा आणि कान इकडे लावून उभा राहायचा.

तू म्हणायचास, म्हंजे मी सांगतोय ते पुरं न्हाई? नाही पुरं. गावात पुरतंय की! मी म्हणायचे, गावात पुरतंय म्हणून काय झालं, तुझा शब्द म्हणजे काय ताम्रपट हाय? तू चिडायचास. एकदा जगलबेटच्या अलीकडे तू जे बोललास, ते मला आजही तोंडपाठ आहे. "मग मानसानं खरं बोलायचं कशाला गे? पुरावा असला तर बोलायची गरज न्हाई, नसला तर बोलून उपेग न्हाई."

 पण मला गप्प बसवत नाही हे तुला ठाऊक आहे. मी उलटा डाव टाकला. म्हटलं, मी पाणी मारलं म्हणते, ते तू धरत नाहीस. तू स्वतः न बघितलेली आग मात्र धरून बसलास. माझ्या शब्दाला पुरावा पाहिजे आणि तुझ्याला नको? आग आपलीच, हे कशावरून म्हणतोस तू? वर रस्त्याला ट्रकवाले थांबतात, चूल मांडून भात शिजवतात, त्यांची का नसेल?

 तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तुझं मी कवा मोडलंय, शांते?" त्या दिवशी जोयड्याच्या स्टँडवर तू मला कांदाभजी घेऊन दिलीस. भांडणात तू हरलास असं समजून मी ती मजेत खाल्ली.

आरोप वाचून दाखवला त्या दिवशी तर वकिलाचा जीव टांगणीला होता. तू गुन्हा कबूल म्हणालास की संपलं. कोर्टानं विचारलं, फॉरेस्टात आग लावलीस हे मान्य आहे का. तू हात जोडून म्हणालास, न्हाई सायेब, फॉरेस्टात कशाला लावीन, मी माझ्या तरव्यात लावली, ती तिकडं गेली असंल. न्यायाधीश हसू दाबत होते. नाकबूल, असं लिहून घेतलं गेलं. वकिलानं कपाळावरचा घाम पुसला. तू मात्र बाहेर येऊन त्यालाच विचारत होतास की मी कबूल केलं तर नाकबूल का लिवलं.

साक्षी झाल्या. महजरवर, म्हणजे जागेच्या पंचनाम्यावर, ज्या दोघांच्या सह्या होत्या ते फॉरेस्टच्याच कामावरचे गडी निघाले. त्यांनी सांगितलं, सही ऑफिसात केली, जागेवर आम्ही गेलोच नाही. तरव्याची राख कुणी तपासली नव्हती. व्हाळ आणि गाडीवाट ओलांडून आग कशी गेली, ह्याचा साधा नकाशा नव्हता. मग सोमा उभा राहिला. मला वाटलं, आता हा वाकडा हात पुढं करून तुझ्याकडे बोट दाखवणार. सरकारी वकिलानंही त्याच आशेनं विचारलं. सोमा म्हणाला, "मी गेलो तवा समदीकडनं पेटलं हुतं. कुटनं आली ते मी बघितलं न्हाई. न बघितलेलं मी कसं सांगू?" तुझ्याकडे बघून नमस्कार करून खाली उतरला.

शेवटी न्यायाधीशांनी तुलाच विचारलं, ह्या जबाबाबद्दल काय म्हणणं आहे. तू म्हणालास, माझीच आग असंल. तर तिथला दुभाषा कारकून अडला. कानडीत दोन वेगळे शब्द आहेत, इरबेकु म्हणजे असणारच, इरबहुदु म्हणजे असू शकेल, आणि आपलं असंल दोन्हीकडं लागतं. त्यानं मान वर करून विचारलं, ह्यातलं कुठलं? अख्खं कोर्ट तुझ्याकडे बघत होतं. मी मागच्या बाकावर डबा घट्ट धरून बसलेले.  तू म्हणालास, "बघितलं न्हाई, सायेब. येवडंच सांगतो."

तू सुटलास. चार वर्षं गेली त्यात. नुसत्या कबुलीवर शिक्षा देता येत नाही, तिला आधार देणारं स्वतंत्र असं काहीच पुढं आलेलं नाही, म्हणून संशयाचा फायदा. वकिलानं पेढे आणले. तू पेढा हातात धरून उभा. म्हणालास, "संशयाचा फायदा? संशय कुनाला हाय? मला तर न्हाई." वकील बिचारा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. परतीच्या वाटेवर गणेशगुडीला बस थांबली, हेल्मेटं घातलेली पोरं-पोरी नदीत होड्या घालायला चाललेली, सगळी खिदळत होती. तू मला इतकंच विचारलंस, कोर्टानं मला खोटा ठरवला का गं? मी म्हटलं, खोटा नाही ठरवला, अपुरा ठरवला. बोलून गेले आणि वाटलं, जीभ का झडली नाही माझी. 

त्यानंतर तू तरवा कधी भाजला नाहीस. नुसतं शेणखत घालायचास, तण माजायचं, रोपं पिवळी पडायची, तरी नाही. शेकोटीलासुद्धा बसला नाहीस. आणि दरवर्षी नवं भात आलं की पहिली पायली डोक्यावर घेऊन सोमाच्या घरी. तिथं तू तास तास बसायचास. काय बोलत होता दोघं, विचारलं तर म्हणायचास, काय न्हाई, उगंच आपलं. मला ते तांदूळ नेणं डोळ्यांत खुपायचं. कोर्टानं सोडलेला माणूस वर्षाला एकदा शिक्षा भोगायला निघालाय असं वाटायचं. तू परत आलास की मी मुद्दाम भांडी आदळायची.

आता खरं लिहिते.

मी पाणी मारलं नव्हतं, अण्णा.

अंगणवाडीला दुसऱ्या दिवशी सुपरवायझर येणार होती. रजिस्टर अपुरं होतं, ते मी घरी आणून लिहीत बसले. मधेच उठून परसात जाऊन बघितलं, तरव्यातून धूर दिसत नव्हता. विहिरीत पोहरा खरवडून अर्धी घागर निघत होती तेव्हा. एवढ्या कष्टाचं पाणी राखेत ओतायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, विझलंय की. तू विचारलंस तेव्हा व्हय म्हणून मोकळी झाले. घरातलं रोजचं खोटं असतं ना, दूध तापवलंस का, व्हय, तसलं. दुसऱ्या दिवशी डोंगर पेटला आणि ते व्हय मला मागं घेता आलं नाही, आजतागायत.

सांगणार होते. तू जबाब देऊन आलास त्याच दिवशी सांगणार होते. पण तुझं मन आधीच खात होतं. राख तशीच सुकी होती असं मी म्हटलं असतं, तर तुझी खात्री पक्की झाली असती आणि तू धावत जाऊन तेही लिहून दिलं असतंस. वकील जेव्हा म्हणाला की कबुलीला बाहेरचा आधार लागतो आणि तो त्यांच्याकडे नाही, तेव्हा मी नुसती मान हलवली. तो आधार मीच होते. प्रत्येक तारखेला डबा घेऊन मागच्या बाकावर बसत होते आणि मला कुणी काही विचारलं नाही. केस संपली, वाटलं आता सांगावं. तर तू अपुरा ठरून घरी आलेला. मग सांगायचं कशाला, असं करत वर्षं गेली. तुझ्या कबूल करण्याला मी तोरा म्हणत होते आणि माझ्या तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं.

गेल्या महिन्यात तू खाटेवर पडलास, दम लागायचा, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलेलं. एका दुपारी मी धीर केला. जवळ बसले, तुझा हात धरला. म्हटलं, अण्णा, ते पाणी... तू डोळे न उघडता म्हणालास, "नको, आत्ताच प्यालो." मी तुझ्या तोंडावरची माशी हाकलली आणि उठले. आणखी एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

तिसऱ्या दिवशी रक्षेला गेलो. तुझ्या पोरानं राखेवर पाणी ओतलं. पाणी पडलं तशी राख बसली, काळपट झाली, थोड्या वेळानं वर खपली धरली. बाया रडत होत्या आणि मी त्या खपलीकडे बघत उभी. पाणी मारलेली राख अशी दिसते, हे मला का सांगायला पाहिजे? आणि तू तर पन्नास वर्षं तरवा भाजलेला. डोंगर पेटला त्या दिवशी सकाळी, आग लागायच्या आधी, तू रोजच्यासारखा अनवाणी तरव्यात जाऊन आला होतास. पायाला कळलं असणार तुझ्या.  तेव्हापासून दहा दिवस मी माणसांना चहा देत होते आणि डोक्यात हेच, की तुला ठाऊक होतं की नव्हतं. विचारायला तू नव्हतास.

म्हणून आज पोराची गाडी गेल्यावर खालच्या वाडीला गेले. सोमाला सांगायला. त्याचा हात गेलाय, त्याला तरी कळायला पाहिजे. अंगणात बांबू तासत बसला होता, डाव्या हातानं. मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं, राखेवर पाणी मारलं नव्हतं मी, अण्णानं सांगूनसुद्धा. इतकी वर्षं खोटं बोलले. आपल्या तरव्यातूनच आग गेली का, ते मला माहीत नाही, पण पाणी मारलं नव्हतं. 

सोमानं कोयता बाजूला ठेवला. घरात बघून बायकोला चहा टाक म्हणाला. मग मला म्हणाला, "ठावं हाय मला, अक्का. राख सुकी हुती म्हनून अण्णा पयल्याच साली सांगून गेलाय. कोर्टात हे बोलू नको म्हनला, मी बघितलेलं न्हाई तवा मी बोललोबी नसतो. आनि म्हनला, शांता येक दिवस सांगायला येईल तुझ्याकडं. आली तर वरडू नको, च्या पाज तिला."

 सोमाची बायको चहा घेऊन आली, तिनं मला धरून ओट्यावर बसवलं. सोमा आणखी सांगत होता, दरवर्षी भात घेऊन आलास की तू आधी विचारायचास, आली होती का रे शांता? तो नाही म्हणायचा. मग तुम्ही दुसरं काहीतरी बोलायचात.

म्हणजे पुरावा तुझ्यापाशी होता आणि तो तू दाबून ठेवलास. कोर्टापुढं नुसतं असंल ठेवलंस, माझ्याकडून तोऱ्याचा म्हणवून घेतलंस, अपुरा म्हणवून घेतलंस. आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवलास, आमटी चांगली झालीय म्हणालास. एवढं कसं रे जमलं तुला? मी सोमाकडून घरी आले ते रडतच आले, आणि अजून मला कळत नाही, तुझ्या पाया पडू की तुझ्याशी भांडू.

त्या आगीनंतरही नऊ वर्षं एका चुलीवरचं जेवलो आपण. एकदा तरी विचारायचं होतंस, अण्णा. मी सांगितलं असतं.